"काही शंका?" विचारलं की सगळे गप्प का? स्लाइड्स बोलक्या करायच्या तर…

(एपिसोडचा हा लिखित मजकूर. बोलताना येणारे 'म्हणजे', 'तर', 'अं' बरेचसे काढलेत, बाकी बोलणं तसंच ठेवलंय. लोकलमध्ये, एसटीत नीट ऐकू येत नसेल तर वाचा.)

[००:००] समाजमंदिरातल्या बावीस स्लाइड्स

हेडफोन लावलेत? चला, सुरू करू.

आजचा विषय स्लाइड्स. म्हणजे तेच, ज्याला आपण सरसकट 'पीपीटी' म्हणतो. तुमच्यातल्या बऱ्याच जणांचे व्हॉइस मेसेज आले होते की, 'दादा, सेमिनारला सगळे फोनमध्ये डोकं घालून बसतात. इंटरॅक्टिव्ह पीपीटी कशी करायची? कुठलं ॲप चांगलं?' ॲपची नावं सांगतोच. पण त्याआधी एक किस्सा सांगतो, घरातलाच.

माझी मावसबहीण नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पावसाळ्याच्या तोंडावर त्यांच्या बॅचला गावोगावी पाठवतात, लहान मुलांच्या जुलाबांबद्दल माहिती द्यायला. हिच्या वाट्याला जलसंजीवनी आली, म्हणजे आपलं ओआरएसचं पाकीट. पोरगी हौशी. बावीस स्लाइड्स केल्या. रंगीत चित्रं, ॲनिमेशन, पाण्याचे थेंब टपटप पडतायत, सगळं. समाजमंदिरात प्रोजेक्टर लावला आणि वीस मिनिटं बोलली. समोर तीस बायका, बऱ्याच जणींच्या कडेवर पोरं. सगळ्या माना डोलवत होत्या. शेवटी हिनं विचारलं, 'काही शंका?' कुणी काही बोललं नाही. टाळ्या झाल्या, फोटो निघाले.

चपला घालताना एक बाई जवळ आली आणि हळूच म्हणाली, 'ताई, ते पाकीट अख्खं ग्लासातच टाकायचं ना? पोरगं एवढं पाणी कुठं पितंय!'

आता ते पाकीट होतं एक लिटर पाण्यासाठीचं. नऊ नंबरच्या स्लाइडवर हे मोठ्या अक्षरात लिहिलेलंही होतं. एक लिटरचं पाकीट दोनशे मिलिलिटरच्या ग्लासात टाकलं तर मिश्रण पाचपट तीव्र होतं. जुलाबामुळे बाळाच्या अंगातलं पाणी आधीच कमी झालेलं, त्यात इतकं मीठ गेलं तर रक्तातलं सोडियम वाढून जिवावर बेतू शकतं. म्हणजे जीव वाचवणारी गोष्टच उलटी पडायची.

रात्री बहिणीचा फोन आला. म्हणाली, 'दादा, एकीनं विचारलं म्हणून तिचं तरी कळलं. बाकीच्या एकोणतीस जणी काय समजून घरी गेल्या, मला काहीच माहीत नाही.'

आजचा अख्खा एपिसोड या एका वाक्यावर आहे.

[०२:५०] मान डोलावली म्हणजे समजलं असं नाही

पॉवरपॉइंटची पहिली आवृत्ती आली १९८७ साली, मॅकिन्टॉश कॉम्प्युटरसाठी. बनवणारी कंपनी होती फोरथॉट. रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन ही त्यामागची मुख्य माणसं. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं ही कंपनी १ कोटी ४० लाख डॉलरला विकत घेतली. तेव्हा लोक ओव्हरहेड प्रोजेक्टरवर पारदर्शक कागद ठेवून बोलायचे, तेच काम पॉवरपॉइंटनं सोपं केलं. म्हणजे मुळातली कल्पनाच अशी की एक जण दाखवणार, बाकीचे बघणार. तिकडून इकडे काही यायची सोयच त्यात नव्हती. आपण आजही पीपीटी तशीच करतो, फक्त ॲनिमेशन वाढलंय.

आता दुसरं नाव सांगतो, ते लक्षात ठेवा. एरिक मॅझूर. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवतात. त्यांचे विद्यार्थी परीक्षेत अवघड गणितं सोडवायचे, सरांना फीडबॅकही उत्तम द्यायचे. मग मॅझूर यांनी एक साधी चाचणी घेतली. त्यात आकडेमोड नव्हती. ट्रक आणि छोटी गाडी धडकली तर कोण कोणावर किती बल लावतं, असल्या साध्या भाषेतल्या कल्पनांचे प्रश्न होते. तेव्हा एका विद्यार्थिनीनं त्यांना विचारलं की, हे तुम्ही शिकवलंत तसं सोडवू, की मला खरंच जसं वाटतं तसं?

बघा हं. म्हणजे पोरीच्या डोक्यात दोन कप्पे होते. एक सरांसाठी, एक स्वतःसाठी. सरांच्या लेक्चरनं दुसऱ्या कप्प्याला हातच लावला नव्हता.

समाजमंदिरात तेच झालं. 'एक लिटर' हे ताईंच्या स्लाइडवर होतं आणि 'ग्लास' हा घरातला अनुभव. दोन्ही एकाच डोक्यात सुखानं नांदत होते.

मॅझूर यांनी १९९१पासून शिकवण्याची पद्धतच बदलली. थोडं बोलायचं, मग पर्यायांचा एक प्रश्न टाकायचा. प्रत्येकानं आधी स्वतः, कुणाशी न बोलता उत्तर द्यायचं. मग शेजाऱ्याशी वाद घालायचा, त्याला पटवायचं. मग पुन्हा मत द्यायचं. या पद्धतीला 'पीअर इन्स्ट्रक्शन' म्हणतात. सोप्या मराठीत, एकमेकांकडून शिकणं.

यातला सगळ्यात कामाचा भाग म्हणजे टक्केवारीचा ढोबळ नियम. बरोबर उत्तर साधारण ३० टक्क्यांहून कमी लोकांनी दिलं तर चर्चा घडवून उपयोग नाही, तुम्हीच वेगळ्या पद्धतीनं पुन्हा समजावा. ३० ते ७० टक्क्यांच्या मध्ये असेल तर लोकांना आपापसात बोलू द्या. ७०च्या वर गेलं तर दोन वाक्यांत सांगा आणि पुढे चला.

म्हणजे पुढची स्लाइड कोणती, हे लोकांच्या उत्तरावर ठरतं.

[०५:४०] मग इंटरॅक्टिव्ह म्हणायचं कशाला?

माझी व्याख्या साधी आहे. समोरच्यानं काही केल्यावर तुमचं पुढचं पाऊल बदलू शकत असेल, तर ते इंटरॅक्टिव्ह.

स्लाइड फिरून आली, अक्षरं उड्या मारत आली, मध्ये जीआयएफ नाचलं, तर ती झाली सजावट. सजावट वाईट नाही, पण तिचं काम वेगळं. आणि पोल घेतला, निकालाचा रंगीत बार आला, तुम्ही 'वा, छान' म्हणालात आणि ठरलेलीच पुढची स्लाइड लावलीत, तर तीही सजावटच. लोकांच्या लक्षात येतं की यांना आपल्या उत्तराशी काही देणंघेणं नाही. दुसऱ्या पोलला कुणी फोनला हातसुद्धा लावत नाही.

ही व्याख्या धरली की टूल्सची गर्दी सोपी होते. कामं तीनच. लोकांना विचारणं, लोकांना वाट निवडू देणं आणि लोकांचे प्रश्न घेणं. एकेक बघू.

[०६:५०] काम पहिलं: लोकांना विचारणं

इथे नावं भरपूर आहेत. मेंटीमीटर स्वीडनच्या स्टॉकहोमचं. स्लायडो स्लोव्हाकियाच्या ब्रातिस्लाव्हाचं, नंतर सिस्को कंपनीनं घेतलं. कहूट नॉर्वेचं. शिवाय अहास्लाइड्स, पोल एव्हरीव्हेअर, मायक्रोसॉफ्ट फॉर्म्स. पद्धत जवळपास सगळ्यांची सारखीच.

एक. तुम्ही त्यांच्या साइटवर खातं उघडता. फोनच्या ब्राउझरमध्येही चालतं, पण बनवताना लॅपटॉप असला तर बोटांना त्रास कमी.

दोन. प्रश्नाचा प्रकार निवडता. पर्यायांचा प्रश्न, शब्दांचा ढग म्हणजे वर्ड क्लाउड, एक ते पाच अशी पट्टी, किंवा मोकळं उत्तर.

तीन. पडद्यावर एक कोड आणि एक क्यूआर येतो. लोक फोननं स्कॅन करतात किंवा साइटवर जाऊन कोड टाकतात. त्यांना ॲप उतरवावं लागत नाही, खातंही उघडावं लागत नाही.

चार. उत्तरं येतील तसा पडद्यावर निकाल दिसतो.

मेंटीमीटर आणि स्लायडो दोन्ही पॉवरपॉइंटच्या आत जोडता येतात, म्हणजे खिडक्या बदलत बसावं लागत नाही. स्लायडो गूगल स्लाइड्सलाही जोडता येतं.

क्यूआर स्कॅन करायला आता कुणाला शिकवावं लागत नाही. हा चौकोन १९९४मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीनं गाड्यांच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला काढला होता. आता भाजीच्या गाडीवरही लटकतोय. आणि आपल्याकडे सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी तो पाठ्यपुस्तकात आणला. २०२०चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला. तेव्हा 'आमच्या लोकांना जमणार नाही' हे कारण आता देऊ नका.

आता तीन गोष्टी सांभाळा.

पहिली, मतदान चालू असताना निकाल लपवून ठेवा. तशी सोय असते. नाहीतर पहिल्या पाच जणांचा बार वर गेला की बाकीचे त्याच्याच मागे जातात. मग तुम्हाला कळतं फक्त गर्दी कुठे गेली.

दुसरी, फुकटच्या प्लॅनची मर्यादा. कुठे माणसांच्या संख्येवर, कुठे प्रश्नांच्या संख्येवर. ती बदलत राहते, म्हणून आदल्या दिवशी त्यांच्या साइटवर जाऊन बघाच. ऐंशी जणांचा वर्ग आणि मर्यादा पन्नासची, असं स्टेजवर कळलं तर घाम फुटतो. माझा फुटलाय.

तिसरी, कहूट. मजा येते, संगीत वाजतं, पोरं ओरडतात. पण त्यात बहुतेक वेळा लवकर दाबणाऱ्याला जास्त गुण. ज्याच्या फोनला रेंज कमी त्याच्यावर अन्याय, आणि विचार करणाऱ्यावर त्याहून जास्त. उजळणीला कहूट मस्त. पण लोकांच्या डोक्यात खरंच काय आहे ते जाणून घ्यायचं असेल तर गुण बंद ठेवा, तशी सेटिंग आहे. नाहीतर सरळ साधा पोल घ्या.

[०९:५०] प्रश्न चांगला कसा करायचा?

टूल दहा मिनिटांत जमतं. वेळ लागतो प्रश्नाला.

बहिणीनं पहिल्यांदा लिहिलेला प्रश्न असा होता: 'जलसंजीवनी उपयुक्त आहे का? हो की नाही?' मी म्हटलं, अगं, याला 'नाही' कोण म्हणेल? ज्या प्रश्नाचं उत्तर आधीच माहीत आहे तो विचारायचा कशाला?

मग तिनं बदलला. 'हे पाकीट तुमच्या हातात आहे. किती पाण्यात टाकाल? अ, एक ग्लास. ब, अर्धा लिटर. क, एक लिटर. ड, पाकिटावर बघून ठरवेन.'

फरक बघा. इथे चुकीचे पर्याय टाकायचे म्हणून टाकलेले नाहीत. लोक घरी खरंच करतात त्या चुका आहेत. 'ग्लास' हा पर्याय तिला कुठून मिळाला? चपला घालणाऱ्या त्या बाईकडून. चांगले चुकीचे पर्याय असेच मिळतात, लोकांचं बोलणं ऐकून. वर्गात शिकवणार असाल तर जुन्या उत्तरपत्रिका बघा. ऑफिसात बोलणार असाल तर मागच्या महिन्यात लोकांनी कुठे गोंधळ घातला ते बघा.

गावात जायच्या आधी तिनं हा प्रश्न स्वतःच्या बॅचवर मेंटीमीटरवर चालवला, साठेक मुलींवर. निकाल आला, बहुतेक सगळ्यांचं 'क, एक लिटर'. वर्ग खूश. आणि मॅडम म्हणाल्या, 'चूक.'

कारण बाजारात दोन मापांची पाकिटं मिळतात. एक लिटर पाण्यासाठीचं मोठं पाकीट असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापानं त्यात साडेवीस ग्रॅम पावडर असते. आणि मेडिकलमध्ये चार-साडेचार ग्रॅमचं छोटंही मिळतं, ते दोनशे मिलिलिटरसाठी असतं. ते छोटं एक लिटरमध्ये टाकलं तर पाणी इतकं पातळ होतं की उपयोग उरत नाही. म्हणून खरं उत्तर 'ड', पाकिटावर बघा. कदाचित त्या बाईनं कधीतरी छोटं पाकीट ग्लासात केलेलं असेल, आणि तेव्हा ते बरोबरच असेल!

हे तिच्या बावीस स्लाइड्सवर कुठेच नव्हतं. साठ जणींचं एकमत झालं तेव्हा ते भोक दिसलं. असा प्रश्न समोरच्यांचं तर दाखवतोच, आपलंही दाखवतो.

[१२:२०] काम दुसरं: वाट निवडू द्या

आपण एक ते बावीस असं ओळीनं जातो, कारण स्लाइड्स तशा रचलेल्या असतात. पण लोकांना कदाचित अठरावीच हवी असते.

यासाठी पॉवरपॉइंटमध्येच सोय आहे, 'झूम' नावाची. व्हिडिओ कॉलवालं झूम नव्हे हं. पॉवरपॉइंट २०१९ किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर 'इन्सर्ट'मध्ये जा, 'झूम' दाबा, 'स्लाइड झूम' निवडा. हव्या त्या स्लाइड्स निवडल्या की त्यांची छोटी चित्रं एका स्लाइडवर येतात. तीच तुमची मेन्यूची स्लाइड. बोलताना ज्या चित्रावर क्लिक कराल ती स्लाइड उघडते. चित्र निवडून 'रिटर्न टू झूम'वर खूण केली असेल तर ती संपल्यावर आपोआप मेन्यूवर परत येता.

गूगल स्लाइड्स वापरत असाल तर चौकोन काढा, त्यावर लिंक द्या, आणि लिंक देताना याच प्रेझेंटेशनमधली स्लाइड निवडा. प्रत्येक स्लाइडच्या कोपऱ्यात मेन्यूवर परत नेणारं छोटं घर काढा. झालं.

प्रेझी तुम्ही पाहिलं असेल. हंगेरीतल्या बुडापेस्टमधून २००९मध्ये आलं. सगळं एकाच मोठ्या कागदावर आणि कॅमेरा इकडून तिकडे उडतो. वाटा निवडायला चांगलंच आहे. पण फार उडवाल तर पुढच्या रांगेला गरगरतं, हेही खरं.

आणि काहीच करायला वेळ नसेल तर? स्लाइड शो चालू असताना कीबोर्डवर ९ दाबा आणि एंटर दाबा. थेट नववी स्लाइड. आणि इंग्रजी 'बी' दाबलं की पडदा काळा होतो, पुन्हा दाबलं की परत येतो. पॉवरपॉइंट आणि गूगल स्लाइड्स दोन्हीकडे चालतं. लोकांना आपापसात बोलायला सांगितलं की पडदा काळा करा. उजेडाचा चौकोन गेला की माणसं एकमेकांकडे बघतात.

स्लाइड्सचे नंबर कागदावर लिहून समोर ठेवा म्हणजे झालं.

[१४:३०] काम तिसरं: लोकांचे प्रश्न

'काही शंका?'ला उत्तर का येत नाही? शंका नसतात म्हणून नाही. सगळ्यांसमोर उभं राहून 'मला कळलं नाही' म्हणायला लाज वाटते, म्हणून. आपल्याकडे तर जास्तच. मागच्या बाकावरून कुणीतरी हसतंच.

इथे टूल खरंच उपयोगी पडतं, कारण नाव न देता लिहिता येतं. गूगल स्लाइड्समध्ये प्रेझेंटर व्ह्यू उघडा, 'ऑडियन्स टूल्स'मध्ये जा आणि नवं सत्र सुरू करा. स्लाइड्सच्या वर एक लिंक दिसायला लागते. लोक त्यावर प्रश्न लिहितात आणि एकमेकांच्या प्रश्नांना वर-खाली मत देतात. स्लायडोचं मुख्य कामच हे. ज्या प्रश्नाला जास्त मतं तो वर येतो. म्हणजे ओरडणाऱ्या एकाच्या ऐवजी वीस जणांच्या मनातला प्रश्न तुमच्यासमोर येतो. कॅन्व्हामध्ये स्लाइड्स करत असाल तर 'कॅन्व्हा लाइव्ह' आहे, तिथेही कोड टाकून लोक लिहू शकतात.

पण नाव नसलं की काही जण आचरटपणा करतातच, हे धरून चाला. वर्गात एकदा तरी कुणीतरी सरांचं टोपणनाव लिहिणार! ज्या टूलमध्ये प्रश्न आधी तुमच्याकडे येतात आणि मग तुम्ही पडद्यावर सोडता, तशी सोय असली तर चालू करा. नसली तर प्रश्नांची यादी फक्त तुमच्या फोनवर उघडा आणि वाचून दाखवा.

आणि प्रश्नांना वेळ शेवटी ठेवू नका, मध्ये ठेवा. शेवटी सगळ्यांना बस पकडायची असते.

[१६:१०] मराठीत करताना

ही टूल्स देवनागरी दाखवतात, पण दोन अडचणी येतात.

पहिली वर्ड क्लाउडची. तो शब्द जसा लिहिला तसा मोजतो. कुणी 'भीती' लिहिलं, कुणी 'भिती', कुणी रोमन लिपीत टाइप केलं. आपल्यासाठी एकच शब्द, त्याच्यासाठी तीन. मग जो शब्द सगळ्यात मोठा दिसायला हवा तो तीन बारीक तुकड्यांत विखुरतो आणि तुम्ही भलत्याच शब्दावर बोलत बसता. म्हणून मराठीत शक्यतो पर्याय देऊन विचारा. वर्ड क्लाउड हवाच असेल तर 'एकच शब्द, मराठी कीबोर्डवर' असं आधी सांगा, आणि बोलताना सारखे शब्द डोळ्यांनी एकत्र करा. शेवटी शब्द मोजणं यंत्राचं काम असलं तरी वाचणं आपलंच आहे.

दुसरी फॉन्टची. कृतीदेव, शिवाजी असल्या जुन्या फॉन्टमधला मजकूर कॉपी करून इथे चिकटवला तर लोकांच्या फोनवर भलतीच अक्षरं उमटतात. फोनच्या मराठी कीबोर्डवर पुन्हा टाइप करा, किंवा बोलून टाइप करा. तो युनिकोड असतो, सगळीकडे दिसतो.

[१७:२०] रेंज नाही, सगळ्यांकडे फोन नाहीत

आता खरी अडचण. त्या गावात निम्म्या बायकांकडे स्वतःचा स्मार्टफोन नव्हता. घरात एक, तो नवऱ्याबरोबर शेतात. मग?

प्लिकर्स म्हणून एक टूल आहे. लोकांकडे फोन लागत नाही. त्यांच्या साइटवरून कार्डं छापून घ्यायची. प्रत्येक कार्डावर वेगळी काळी आकृती असते आणि चार बाजूंना चार बारीक अक्षरं. ज्या पर्यायाला मत द्यायचं ती बाजू वर करून कार्ड धरायचं. तुम्ही तुमचा एकच फोन सगळ्यांवरून फिरवायचा, कॅमेरा प्रत्येकाचं उत्तर टिपतो. प्रत्येकाची आकृती वेगळी, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून नक्कल करता येत नाही. अक्षरं इंग्रजी आहेत. ती न वाचणाऱ्यांसाठी कार्डाच्या पाठीमागे चारही कडांना चार रंगांच्या टिकल्या चिकटवा. फक्त चिकटवताना एकेक बाजू वर धरून मागे टिकली लावा, नाहीतर डावं-उजवं उलटं होतं.

आणि तेही नसेल तर छातीशी बोटं. अ म्हणजे एक, ब म्हणजे दोन. हात छातीजवळ, म्हणजे तुम्हाला दिसतं, शेजारणीला नाही. फुकट, बॅटरी लागत नाही.

हसू नका. मॅझूर यांच्या पद्धतीतही हात वर करणं आणि अक्षरांची कार्डं वापरली गेली, बटणवाले क्लिकरही वापरले गेले. २००८मध्ये कॅनडातले भौतिकशास्त्राचे शिक्षक नेथॅनियल लॅसरी यांनी तुलना केली. एका गटाला क्लिकर, दुसऱ्याला कागदी कार्डं, शिकवण्याची पद्धत तीच. विद्यार्थ्यांच्या समजेत लक्षणीय फरक सापडला नाही. क्लिकरचा फायदा शिक्षकाला झाला. उत्तरं चटकन मोजली जातात, नोंद राहते, कोण काय म्हणतंय ते कळतं.

म्हणून टूलची निवड करताना एवढंच विचारा: समोर कोण बसणार आहे आणि त्यांच्या हातात काय आहे?

[१९:२०] पुन्हा समाजमंदिर

दुसऱ्या गावात बहीण गेली तेव्हा स्लाइड्स राहिल्या होत्या आठ. पहिली स्लाइड म्हणजे दोन पाकिटांचा फोटो आणि तोच प्रश्न. चार रंगांची कार्डं तिनं आदल्या रात्री जिलेटीन पेपर कापून केली होती. 'कुणाकडे बघू नका, मनाला वाटेल तो रंग छातीशी धरा.'

तीस जणींत अकरा लाल. लाल म्हणजे ग्लास. 'पाकिटावर बघून'चा हिरवा रंग होता फक्त चार जणींकडे.

ती म्हणते, 'दादा, पोटात गोळा आला. पण मागच्या वेळी हेच माझ्यासमोर बसलं होतं आणि मला दिसलं नव्हतं.'

तिचा बेत होता आपापसात बोलू द्यायचा. पण चार म्हणजे तीसच्या चौदा टक्केही नाहीत. नियम आठवला. बी दाबून पडदा काळा केला. पिशवीतून एक लिटरची बाटली, एक ग्लास आणि दोन्ही पाकिटं काढली. एका आजींना पुढे बोलावलं आणि छोट्या पाकिटावर पाण्याचं माप कुठे लिहिलंय ते शोधायला लावलं. त्यांना वाचता येईना, तर नात पळत आली आणि तिनं मोठ्यानं वाचलं. मग मोठं पाकीट. मग दोन्ही मापानं करून सगळ्यांना चव दिली. मग मोठं पाकीट एका ग्लासात टाकलं आणि नुसती बोटाची चव घ्यायला सांगितली. बायकांनी तोंडं वाकडी केली. ती चव आता कुणी विसरणार नाही.

तेव्हा एकीनं स्वतःहून विचारलं, 'केलेलं पाणी उद्याला चालतं का?' ते होतं सहाव्या स्लाइडवर. हिनं ६ दाबून एंटर केलं: चोवीस तासांत संपवा, उरलं तर फेकून द्या, नवं करा. मग दुसरीनं विचारलं, मग तिसरीनं. 'काही शंका?' हे शब्द तिला उच्चारावेच लागले नाहीत.

शेवटी पुन्हा तोच प्रश्न. हिरवे सव्वीस. लाल दोन. त्या दोघींच्या घरी आशाताई दुसऱ्या दिवशी जाऊन आल्या.

आठातल्या तीन स्लाइड्स दाखवायच्या राहूनच गेल्या. तिला त्याचं काही वाटलं नाही.

[२१:३०] जाता जाता

तर मंडळी, पुढच्या सेमिनारला, मीटिंगला, ग्रामसभेला उभे राहाल तेव्हा सगळी टूल्स वापरायच्या फंदात पडू नका. एकच प्रश्न करा. त्याचे चुकीचे पर्याय लोकांच्या खऱ्या चुकांमधून उचला. आणि कागदावर आधीच लिहून ठेवा: बहुतेकांचं बरोबर आलं तर मी काय करेन, निम्म्यांचं आलं तर काय, जवळपास सगळ्यांचं चुकलं तर काय. ही तीन उत्तरं तयार असतील तर मेंटीमीटरही चालेल आणि छातीशी धरलेली बोटंही.

तुमचा प्रश्न काय होता आणि निकाल पाहून तुम्ही काय बदललंत, ते व्हॉइस मेसेज करून कळवा. एक मिनिटाच्या आत हं, मागच्या वेळी एकानं नऊ मिनिटं पाठवली होती! चांगले मेसेज पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवू.

आणि हो, घरात ओआरएसचं पाकीट असेल तर आत्ता उठा आणि त्यावर पाण्याचं माप किती लिहिलंय ते बघा.

भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या!